आजोबांचं मशीन कोणाच्या कानाला?

माणूस गेला की त्याच्या वस्तूंच्या वाटा ठरलेल्या असतात. अंथरूण-पांघरूण, छत्री, काठी, चपला दानात जातात. कपडे कामवाल्या मावशींकडे किंवा एखाद्या संस्थेकडे जातात. व्हीलचेअर, वॉकर, पाठ उचलता येणारी लोखंडी खाट ही मंडळी तर आपल्याकडे कायम फिरतीवर असतात. पुण्या-मुंबईतच नव्हे, तालुक्याच्या गावीही रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं निघाली आहेत. अनामत भरा, वस्तू न्या, काम झालं की परत आणून द्या. नेत्रदान आणि देहदान करणारी घरंही आता कमी नाहीत.

राहतं ते कानाचं मशीन. ते कोणाला द्यायचं हे घरात कोणालाच माहीत नसतं, आणि टाकवतही नाही, कारण त्यासाठी पन्नास-साठ हजार मोजलेले असतात, कधी लाख-दीड लाख. मग ते आपल्या इवल्या डबीसकट कपाटाच्या खणात जातं. शेजारी कवळी, जुना चष्मा आणि सेलचं अर्धं संपलेलं पाकीट.

शिवाय खणात जाण्यासाठी माणूस जावाच लागतो असं नाही. मुलांनी हौसेनं घेऊन दिलेलं आणि आजोबांनी चार दिवसांत काढून ठेवलेलं मशीन घरोघरी सापडेल. कारणं ठरावीक असतात. ‘शिट्टी मारतं.’ ‘भांडी आपटल्यासारखं वाटतं.’ ‘ऐकू येतं, पण समजत नाही.’ आणि न सांगितलं जाणारं कारण म्हणजे लाज. चष्मा लावला की माणूस वाचणारा दिसतो आणि मशीन लावलं की म्हातारा, असं आपल्याकडे अजून चालतं. बहिरेपणावर विनोद करण्याची आपली सवयही जुनी आणि बरीच निर्दय आहे.

दुसऱ्या बाजूला मशीनवाचून बसलेल्यांची रांग केवढी आहे, हेही बघायला हवं. २०११ च्या जनगणनेत ऐकण्याचं अपंगत्व नोंदवलेली माणसं देशभरात पन्नास लाखांच्या वर होती, आणि ही नोंद घरातल्यांनी सांगितलं तेवढीच. ज्यांना उपचार किंवा यंत्राची गरज आहे अशी माणसं जगभरात ४३ कोटी आहेत आणि २०५० पर्यंत ती ७० कोटींवर जातील, असं जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ चा अहवाल सांगतो. मशीनचा उपयोग होईल अशा लोकांपैकी ते प्रत्यक्ष वापरणारे शंभरात सतराच्या आसपास.

एकीकडे खणात पडलेली मशीनं आणि दुसरीकडे ही रांग. दोन्हींची गाठ घालून द्यावी, एवढाच प्रश्न आहे असं वाटतं. पण कानाच्या मशीनचं गणित वॉकरच्या गणितासारखं चालत नाही. बहुतेक दानं फसतात ती इथंच.

वॉकर कोणाच्याही हातात द्या, तो उभा राहील. कानाचं मशीन मात्र एका विशिष्ट माणसाच्या विशिष्ट कानासाठी तयार झालेलं असतं. त्याचं काम नुसता आवाज मोठा करण्याचं नाही. कोणता आवाज किती मोठा करायचा, हे त्यात भरलेलं असतं. त्यासाठी आधी बंद खोलीत हेडफोन लावून कानाची तपासणी होते. २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे सूर एकेक करून ऐकवले जातात, ऐकू आलं की बटण दाबायचं. त्यातून जो आलेख निघतो, तो ऑडिओग्राम. म्हातारपणाच्या बहिरेपणात हा आलेख बहुधा डावीकडे बरा असतो आणि उजवीकडे घसरत जातो. म्हणजे खालचे, जाड आवाज ऐकू येतात आणि वरचे, बारीक आवाज जातात. ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ ऐकू येत नाहीत. म्हणून तर ‘ऐकू येतं, पण समजत नाही’. आजोबांचं मशीन अशा घसरगुंडीसाठी बसवलेलं असतं. तेच शेजारच्या मावशींच्या कानाला लावलं, आणि त्यांचा आलेख सपाट असला, तर मावशींना नको ते कर्कश ऐकू येईल आणि हवं ते येणार नाही. मावशी मशीन काढून ठेवतील आणि एका खणातलं मशीन दुसऱ्या खणात जाईल.

याहून वाईटही होऊ शकतं. तीव्र बहिरेपणासाठीची दणकट मशीनं कानात १३० डेसिबलच्या पुढे आवाज सोडू शकतात. ज्याला थोडंच कमी ऐकू येतं त्याच्या कानात असा आवाज रोज गेला, तर उरलेली श्रवणशक्तीही जाईल. लहान मुलाच्या बाबतीत तर हा खेळच नको. त्याला ‘दुखतंय’ हेसुद्धा सांगता येत नाही.

मग जुनं मशीन निरुपयोगी का? अजिबात नाही. त्यातला कोणता भाग दुसऱ्याच्या कामाला येतो, हे एकदा समजून घेतलं की झालं.

पुण्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या श्रवण विभागात टेबलाशी बसून एका ऑडिओलॉजिस्ट बाईंचं काम पाहिलं. कोणीतरी आणून दिलेलं, कानामागे बसणारं मशीन त्यांनी हातात घेतलं. पहिलं काम म्हणजे कानात जाणारा साचा, म्हणजे मोल्ड, नळीसकट उपटून काढणं. तो थेट कचऱ्यात गेला. मोल्ड कानाचं माप घेऊन बनवलेला असतो. कानात गुलाबी किंवा निळसर लगदा भरतात, तो घट्ट झाला की काढतात आणि त्यावरून अॅक्रिलिकचा किंवा मऊ सिलिकॉनचा मोल्ड होतो. एकाचा मोल्ड दुसऱ्याला बसत नाही. बसला तरी चालणार नाही, कारण त्यात मळ असतो आणि मळातून जंतुसंसर्ग होतो. आपल्याकडे कान वाहण्याचा आजार किती सर्रास आहे, हे कुठल्याही सरकारी दवाखान्याच्या कान-नाक-घसा विभागात अर्धा तास उभं राहिलं तरी कळतं.

मग सेलचं दार उघडून त्यांनी आत भिंग लावून पाहिलं. तिथे हिरवट-पांढरी पूड होती. सेल आत ठेवून मशीन बंद करून ठेवलं की सेल गळतो आणि पितळी पट्ट्यांवर गंज चढतो. ‘हे नव्वद टक्के घरांतून असंच येतं,’ त्या म्हणाल्या. आकडा अर्थात त्यांच्या वैतागातून आलेला. पट्ट्या खरवडून, पुसून त्यांनी नवा सेल घातला आणि डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारखी दिसणारी एक नळी मशीनला जोडून स्वतःच्या कानात घातली. तोंडानं हळूच म्हणायला लागल्या, ‘आ… ऊ… ई… श… स… म…’ हे सहा आवाज बोलण्याचा सगळा पल्ला व्यापतात, ‘म’ सगळ्यात खालचा, ‘स’ सगळ्यात वरचा. ‘श’ आणि ‘स’ खरखरीत आले, म्हणजे माईकच्या जाळीत धूळ असेल. ब्रशनं जाळी साफ केली आणि पुन्हा ‘स’ म्हटलं. चेहऱ्यावरूनच कळलं की मशीन जिवंत आहे. त्यानंतर ते तपासणीच्या पेटीत गेलं. त्या पेटीत मशीन ठरलेला आवाज किती वाढवतं आणि किती बिघडवतं, याचा आलेख निघतो.

शेवटची पायरी संगणकाची. १९९६ साली पूर्ण डिजिटल मशीनं बाजारात आली, तेव्हापासून पेचकसानं बारीक स्क्रू फिरवण्याचे दिवस संपत गेले. आता मशीन तारेनं किंवा बिनतारी संगणकाला जोडायचं, आधीच्या माणसाचं सगळं पुसायचं आणि नव्या माणसाचा ऑडिओग्राम भरायचा. हे करता आलं तर जुनं मशीन नव्यासारखं काम देतं. पण इथेही अडथळे आहेत. प्रत्येक कंपनीचं सॉफ्टवेअर वेगळं, जोडणीची तारही वेगळी, आणि फार जुन्या मॉडेलला नवं सॉफ्टवेअर ओळखत नाही. अमेरिकेतल्या काही दुकानसाखळ्यांनी विकलेली मशीनं तर त्यांच्याच सॉफ्टवेअरला बांधलेली असतात. न्यू जर्सीतल्या मुलीनं आईसाठी तिकडचं मशीन आणलं आणि इथल्या कोणालाच ते उघडता आलं नाही, अशा कहाण्या ऑडिओलॉजिस्टांकडे हव्या तेवढ्या ऐकायला मिळतात. २०२२ च्या ऑक्टोबरपासून अमेरिकेत बिनचिठ्ठीची मशीनंही दुकानात मिळू लागली आहेत. ती सौम्य आणि मध्यम बहिरेपणाच्या प्रौढांसाठीच आहेत. परदेशातून येणाऱ्यांनी विमानात बसण्यापूर्वी एवढं तरी पाहावं.

कानाच्या आत पूर्ण बसणारी, बाहेरून न दिसणारी मशीनं जशीच्या तशी दुसऱ्याला देता येत नाहीत, कारण त्यांचं कवचच कानाच्या मापाचं असतं. त्यांतले आतले भाग दुरुस्तीला उपयोगी पडतात. आताच्या चार्जिंगच्या मशीनचा प्रश्न आणखी वेगळा आहे. चार्जर हरवला की मशीन संपलं, आणि चार-पाच वर्षांत आतली बॅटरीही थकते. तेव्हा देताना डबी, चार्जर, वॉरंटीचा कागद, ऑडिओग्राम असेल तर तोही, सगळं एकत्र द्यावं.

हे सगळं वाचून ‘एवढी कटकट कोण करणार’ असं वाटलं, तर ब्रिटनकडे पाहा. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेनं १९४८ साली काम सुरू केलं तेव्हापासून नागरिकांना मशीन फुकट मिळतं. पण ते त्यांच्या मालकीचं होत नाही, सरकारनं उसनं दिलेलं असतं. गरज संपली की परत करायचं. तिथला श्रवण विभाग ते साफ करतो, तपासतो आणि चालण्याजोगं असेल तर पुढच्या माणसासाठी बसवतो. यात दानधर्म नाही आणि फोटोही नाहीत. ग्रंथालयाचं पुस्तक परत करण्याइतकी ती साधी गोष्ट आहे. अमेरिकेत हेच काम लायन्स क्लबच्या शाखांनी आणि एका मोठ्या मशीन कंपनीच्या प्रतिष्ठाननं केलं. कोणत्याही कंपनीचं, कितीही जुनं मशीन पाठवा, आम्ही दुरुस्त करू किंवा सुटे भाग वापरू, असा त्यांचा प्रकार.

या यंत्राच्या इतिहासात देण्याची एक मोठी गोष्ट आहे, ती फारशी सांगितली जात नाही. १९४७ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला. तो बाजारात सर्वप्रथम आला रेडिओतून नव्हे, तर कानाच्या मशीनमधून. १९५२ च्या अखेरीस ट्रान्झिस्टर बसवलेलं मशीन विक्रीला आलं आणि वर्षभरात जड बॅटऱ्यांची, व्हॅक्यूम ट्यूबची मशीनं मागे पडू लागली. ट्रान्झिस्टर वापरणाऱ्या बाकीच्या कंपन्यांकडून स्वामित्वधन (रॉयल्टी) घेतलं जात होतं. कानाच्या मशीनवाल्यांना मात्र ते माफ होतं, कारण ज्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांचं नाव या प्रयोगशाळेला होतं, ते आयुष्यभर बहिऱ्यांना शिकवत आले होते. बेल यांची आई आणि पत्नी दोघींनाही ऐकू येत नव्हतं.

आपल्याकडे व्यवस्था नाही असं नाही. मुंबईत वांद्र्याच्या रेक्लमेशनवर अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. नायर रुग्णालयात साठच्या दशकापासून ऑडिओलॉजिस्ट घडवले जातात, पुण्यात भारती विद्यापीठात हे शिक्षण मिळतं. अपंगांना साहाय्यक साधनं देणारी केंद्राची ‘एडिप’ योजना १९८१ पासून चालू आहे आणि त्यातली बरीचशी मशीनं कानपूरच्या ‘एलिम्को’ या सरकारी कारखान्यामार्फत येतात. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांसाठी २०१७ पासून राष्ट्रीय वयोश्री योजना आहे. महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना काढून पासष्टीपुढच्या गरजूंना चष्मा, काठी, कानाचं मशीन अशा वस्तूंसाठी एकदाच तीन हजार रुपये देऊ केले. लहान मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम तर २०१३ साली आपल्याच पालघरमध्ये सुरू झाला, आणि जन्मजात बहिरेपणा शोधणं हे त्याच्या कामांपैकी एक आहे.

मग जुन्या मशीनची जागा कुठे? माझ्या मते ती मधल्या दिवसांत आहे.

मशीन मिळालेलं मूलही अधूनमधून मशीनविना असतं. पावसाळ्यात मशीन ओलं होतं. मुलगा पडला की ते फुटतं. कधी भावंडांच्या ओढाओढीत नळी तुटते, तर कधी कुत्र्यानं चावलेलं असतं. कुत्र्यांना मशीनची शिट्टी आणि मळाचा वास दोन्ही आवडतात. दुरुस्तीला गेलेलं मशीन यायला कधी महिना लागतो. ‘एडिप’मध्ये एकदा मदत मिळाली की त्याच वस्तूसाठी पुन्हा तीन वर्षांनी, आणि बारा वर्षांखालच्या मुलाला एक वर्षानं मिळते. मधल्या काळात काय करायचं? चार-पाच वर्षांचं मूल भाषा शिकत असतं. त्या वयात दोन महिने कान बंद राहिले तर ते नुकसान नंतर पैशानं भरून येत नाही.

मूकबधिर मुलांच्या एका शाळेत सकाळचा पहिला तास पाहिला. शिक्षिका तोंडासमोर पुठ्ठा धरून तेच सहा आवाज काढत होत्या आणि मुलं आवाज ऐकला की डब्यात एकेक मणी टाकत होती. पुठ्ठा यासाठी की मुलांनी ओठ वाचू नयेत. एका मुलीच्या डब्यात ‘स’चा मणी पडला नाही. बाईंनी दोनदा म्हटलं तरी पडला नाही. मशीन बघितलं तर नळी पिवळी पडून कडक झालेली आणि आत वाफेचे थेंब. मुलीला न विचारता बाई उठल्या, कपाटातून दुसरं मशीन काढलं, तिच्याच मोल्डला नवी नळी लावून जोडलं. त्या कपाटात अशीच तीन-चार मशीनं होती, कोणाच्या आजीची, कोणाच्या मामांची. शाळेत महिन्यातून येणाऱ्या ऑडिओलॉजिस्टनं ती आधीच वेगवेगळ्या आलेखांना धरून बसवून ठेवली होती. मुलीनं मणी टाकला आणि बाई पुढच्या मुलाकडे वळल्या.

जुन्या मशीनचा सगळ्यात चांगला उपयोग हाच, कोणाचं तरी मशीन दुरुस्त होऊन येईपर्यंतचं राखीव मशीन. अशी कपाटं प्रत्येक मूकबधिर विद्यालयात आणि प्रत्येक धर्मादाय श्रवण विभागात हवीत. दुसरा उपयोग चाचणीचा. नवं मशीन घ्यायला घाबरणाऱ्या ज्येष्ठाला आठवडाभर जुनं लावून पाहू द्यावं. तिसरा, ज्या ज्येष्ठाला दुसरं काहीच मिळणार नाही त्याला कायमचं देणं. चौथा, सुटे भाग आणि विद्यार्थ्यांचा सराव. हा क्रम माझा आहे. काही तज्ज्ञ ज्येष्ठांना पहिला नंबर देतील, आणि त्यांचंही चुकीचं नाही.

ज्या गोष्टीला माझा विरोध आहे ती म्हणजे शिबिरातलं वाटप. मंडप, हार, ध्वनिक्षेपक, आणि एका टेबलावर एकसारखी मशीनं. आलेल्या प्रत्येकाला एकाच मापाचा रबरी टोपा लावून, एकाच आवाजावर. फोटो होतो. पुढच्या महिन्यात त्या गावात गेलात तर मशीन कुठे आहे हे विचारावं लागत नाही. खुंटीवरच्या पिशवीत असतं. ज्यांना मशीन द्यायचं आहे त्यांनी ते बसवून दिलंच पाहिजे, आणि बसवणारा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला ऑडिओलॉजिस्टच असला पाहिजे. महिन्यानं परत येऊन आवाज थोडा वर-खाली करून घेणं हेही बसवण्यातच येतं. मशीन देणं सोपं आहे. दोनदा तपासणीला नेणारा माणूस देणं कठीण आहे, आणि दात्यांपैकी फारच थोडे तिथवर जातात.

सेलचा खर्च मात्र सगळेच विसरतात. हे सेल जस्त आणि हवेवर चालतात. पाठीवरचा रंगीत कागद सोलला की हवा आत जाऊन ते जागे होतात, म्हणून कागद काढल्यावर एक मिनिट थांबून मग घालावेत. पिवळ्या कागदाचा १० नंबर, तपकिरी ३१२, नारिंगी १३, निळा ६७५. ३१२ नंबरचा सेल साधारण आठवडाभर जातो. दोन कानांना दोन मशीनं म्हणजे वर्षाला शंभराच्या वर सेल. सहाचं पाकीट दीडशे ते अडीचशे रुपयांना धरलं तर वर्षाला अडीच ते साडेचार हजार रुपये. तीन हजारांच्या सरकारी मदतीत मशीनच काय, वर्षाचे सेलही कसेबसे बसतात. शेतमजूर बाई सेल संपले की मशीन काढून ठेवते, कारण मशीनपेक्षा आठवड्याचं तेल आधी येतं. तेव्हा मशीन देणाऱ्यानं वर्षभराच्या सेलचे पैसे त्याबरोबर द्यावेत. वस्तूशिवाय दक्षिणा आपल्याला चालते, दक्षिणेशिवाय वस्तूही चालते. इथे दोन्ही लागतात. आणि सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. गिळलेला बटणासारखा सेल अन्ननलिका जाळतो. तसं झालं तर लगेच रुग्णालय गाठावं.

जे मशीन खरंच गेलेलं आहे, ते ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नये. वैद्यकीय उपकरणांचा कचरा ई-कचरा नियम २०२२ खाली येतो आणि सेल बॅटरी कचरा नियम २०२२ खाली. मशीन विकणाऱ्या दुकानाला विचारा किंवा महापालिकेच्या ई-कचरा केंद्रात द्या.

एक गोष्ट शस्त्रक्रियेनं कानात बसवल्या जाणाऱ्या कॉक्लिअर इम्प्लांटबद्दल, कारण त्याचा बाहेरचा भाग, प्रोसेसर, आता पुष्कळ घरांत जुना होऊन पडू लागला आहे. नवा घ्यायचा तर काही लाख लागतात, आणि शस्त्रक्रिया सरकारी मदतीतून झालेल्या घराला ते पेलत नाहीत. जुना प्रोसेसर त्याच कंपनीच्या, त्याच जातीच्या इम्प्लांटसाठी नव्यानं मॅपिंग, म्हणजे नव्या मुलाच्या कानाप्रमाणे जुळवणी, करून दुसऱ्या मुलाला देता येतो. पण हे काम घरातल्या घरात करायचं नाही. ते तुमच्या मुलाचं मॅपिंग करणाऱ्या केंद्रातूनच व्हायला हवं.

दिवाळीच्या आवरासावरीत तो खण उघडाल, तेव्हा सेल काढून बाजूला ठेवा, मोल्ड फेकून द्या, मशीन कोरड्या फडक्यानं पुसा, पाण्यात बुडवू नका. डबी, चार्जर, कागद एका पाकिटात भरा. मग गावातल्या मूकबधिर विद्यालयाला किंवा जवळच्या श्रवण विभागाला फोन करून एकच विचारा, ‘तुमच्याकडे ऑडिओलॉजिस्ट कधी असतात?’ ते सांगतील त्या दिवशी पाकीट आणि सेलचे पैसे घेऊन जा, त्यांच्याच हातात द्या, आणि हे दिवाळीत जमलं नाही तर पुढल्या दिवाळीपर्यंत ठेवू नका. खणातल्या मशीनचंही वय वाढत असतं.